बैल बसला की ओझी उतरवायची

आमच्या तांड्यात माणसानं घेतलेला निर्णय कच्चा धरायचे. पक्का निर्णय बैल घ्यायचा. हे मी चेष्टेनं सांगते आहे, पण खोटं सांगत नाही.

आम्ही लमाण. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सगळा मुलूख पालथा घातला. बैलांची लांबच लांब रांग चालायची आणि सगळ्यांच्या पुढे असायचा देवाचा बैल, बालाजीच्या नावानं सोडलेला. त्याच्या मानेवर जू नाही, पाठीवर गोण नाही. गळ्यात कवड्यांची माळ, शिंगाला लाल फडकं, आणि तोरा माहेरी आलेल्या लेकीचा. हा बैल चालता चालता आपल्या मनानं खाली बसला की तांडा तिथं थांबायचा. नियम एकच होता, बैल बसला की ओझी उतरवायची. मग तिथं पाणी असो नसो, वाघाची वाट असो की कुणा पाटलाचं हरभऱ्याचं रान असो. पुढं मार खायची वेळ आली तर मार माणसं खायची. बैल आपला रवंथ करत बसायचा.

पुढं रेल्वे आली आणि मीठ डब्यात बसून जायला लागलं. आमची माणसं रिकामी झाली, त्यांचे बैल विकले गेले. देवाचा बैल मात्र तसाच राहिला, कारण त्याला आधीही काही काम नव्हतं आणि नंतरही नव्हतं. तांड्यात एवढं एकच जनावर होतं, ज्याचं रेल्वेनं काहीएक बिघडवलं नाही.

मी लग्न होऊन या तांड्यात आले ती जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी. आष्टीच्या वरच्या अंगाला दोन कोसांवर माळ आहे, तिथं हा तांडा वीसेक वर्षांपूर्वी टेकला होता. का टेकला? तर तेव्हाचा देवाचा बैल तिथं बसला म्हणून. त्या बैलाला अक्कल नव्हती, हे मी आज उघड लिहिते. खाली आष्टीकडं काळीभोर जमीन लोळत पडलेली, आणि हा गडी बसला कुठं, तर बरडावर. तिथं कुसळसुद्धा दहादा विचार करून उगवायचं. माझी सासू म्हणायची, त्याच्या पायात काटा मोडला असेल, म्हणून बसला असेल. पण हे ती हळू आवाजात म्हणायची.

गावातल्या लोकांचं आमच्यावर फार प्रेम. आरशाची कांचळी आणि घेरदार फेटिया, म्हणजे आमची चोळी आणि घागरा, घातलेल्या आम्ही बाया मोळ्या घेऊन गल्लीत शिरलो की आधी कोंबड्या झाकल्या जायच्या, मग पोरं, मग दारं. तांड्यानं जागा सोडली की पोलीसपाटलाला कळवायचं, असा सरकारी हुकूम होता. जो हलतो तो चोर, असा सरकारचा साधा हिशेब. पण कापूस फुटला की त्याच दारांतून आवाज यायचा, "अवो बाई, उद्या येचायला यून राह्यल्या ना? जल्दी या बरं." कापूस वेचायच्या दिवसांत कोंबड्या मोकळ्या फिरायच्या.

माझ्या सासूला मी याडी म्हणायची. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. आम्ही आपसात आमच्या बोलीतच बोलायचो, इथं वाचणाऱ्याला कळावं म्हणून मी मराठीत लिहिते आहे. याडी विधवा होती. तिचा एकुलता मुलगा, म्हणजे माझा नवरा, परतूरकडं रेल्वेच्या टोळीत गिट्टी टाकायला होता. सणावाराला यायचा, इंजिनाच्या गोष्टी सांगायचा आणि जायचा. घरात आम्ही दोघी. सासू-सुनांचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं, कारण भांडायला ताकद लागते आणि ती आम्ही दगड उचलण्यात घालवत होतो.

ते दगड होते ओढ्याकाठच्या तुकड्यातले. माळ जिथं संपतो तिथं ओढ्याच्या वळणाला काळ्या मातीचा एक तुकडा होता, वरून वाहून आलेली माती पिढ्यान्पिढ्या साचलेला. वर सगळी बाभळ आणि धोंडे. सरकारी गायरान, कुणाचंच नाही. याडीनं तो मी येण्याच्या आधी पाच वर्षं एकटीनं साफ केला, मी आल्यावर दोन वर्षं दोघींनी. ज्वारी यायची, मिरच्या यायच्या, कडेला तूर. तांड्यातली माणसं येता-जाता हसायची. "म्हातारी कुणबीण होऊन राह्यली." लमाणानं मातीत हात घालणं म्हणजे त्यांना वाघानं गवत खाल्ल्यासारखं वाटायचं. स्वतः वाघ तेव्हा जंगलातून लाकूड चोरून आणत होते आणि जंगलवाल्या शिपायाच्या काठ्या खात होते, ते सोडा.

याडीला तो तुकडा का हवा होता हे तिनं मला एकदाच सांगितलं. धोंडा ढकलता ढकलता सांगितलं, रडली वगैरे नाही. तांडा फिरत होता तेव्हा तिची तीन लेकरं गेली, तीन वेगवेगळ्या मुक्कामांवर. आमच्यात लेकरू गेलं तर पुरतात. पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी बैल उठला म्हणून तांडा उठला. त्या तीन जागांची नावंसुद्धा तिला माहीत नव्हती. "एका ठिकाणी चिंच होती," म्हणाली, "बाकी दोन ध्यानात न्हाईत. चौथं जगलं ते इथं, म्हणून मी आता हितून हलणार न्हाई." मी हातातला धोंडा तसाच धरून उभी राहिले. "टाक की," ती म्हणाली, "का त्याला न्हाऊ-माखू घालतीस?"

मग एक दिवस सरकारला आमची आठवण झाली. गिरदावर आला. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांच्या वरचा साहेब, जमिनी मोजणारा. काळी टोपी, शेरवानी, आणि घामानं बेजार. त्यानं लिंबाखाली बाज टाकून घेतली आणि सांगितलं की निजाम सरकार गायरान तांड्याला वाटून देत आहे, घरटी एक तुकडा. आज कच्ची नोंद होईल. जो तीन वर्षं जागा सोडणार नाही आणि जमीन पडीक ठेवणार नाही, त्याला पक्का कागद. झालं! कालपर्यंत मातीला नाक मुरडणारे सगळे वाघ एकदम गवत खायला तयार झाले.

बरडाचे तुकडे भराभर वाटले गेले, कारण सगळेच सारखे वाईट होते. राहिला ओढ्याकाठचा. याडी म्हणाली, तो माझा, मी कसला. आमच्या नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कसला हे बरोबर. पण नायकी कुणाची? चांगली जागा नायकाची, ही रीत हाय." ही रीत कधीपासून होती ते कुणालाच सांगता येईना, कारण चांगली जागा आमच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. मग नसाब बसली. नसाब म्हणजे आमची पंचायत, पाच म्हातारे आणि एक हुक्का. नसाबनं ठरवलं, माणसाचं काम नाही, बैलाला विचारा. पुढच्या पंधरवड्यात गिरदावर परत येईल त्या दिवशी बैल तुकड्यात सोडायचा. एका टोकाला नायक उभा राहील, दुसऱ्या टोकाला म्हातारी. बैल ज्याच्यापाशी बसेल, तुकडा त्याचा.

गिरदावर कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, बैल फैसला करून राह्यला, तर मी इथं काय करून राह्यलो?"

त्या पंधरवड्यात माझी सासू काय करत होती हे फक्त मला माहीत होतं. रोज दुपारी देवाचा बैल चरून, पाणी पिऊन ओढ्याकडं यायचा. तो बांधलेला नसायचा, देवाला कोण बांधणार? याडी त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत उभी राहायची. पोट भरलेला बैल कधीतरी बसतोच. तो बसला की ती ओढणीच्या टोकाची गाठ सोडायची, आतून जाड मिठाचा खडा काढायची आणि त्याच्या तोंडाशी धरायची. बसला नाही तर मीठ नाही. चार दिवसांत तो लवकर बसायला लागला. आठव्या दिवशी तिनं गाठीला हात लावला की पुढचे गुडघे टेकायचा. पिढ्यान्पिढ्या मीठ वाहणाऱ्या जातीचा बैल तो, मीठ म्हटल्यावर त्याचं देवपण कुठं टिकतं!

मी बांधावर राखण करायची आणि भीतीनं अर्धी व्हायची. "याडी, देवाला फसवणं बरं न्हाई गं."

"देवाला कुठं फसवून राह्यले? बैलाला मीठ चारून राह्यले. देवाला मीठ आवडत असंल तर त्याचा त्यानं विचार करावा."

ठरलेल्या दिवशी सगळा तांडा तुकड्याभोवती उभा. नायकानं नवा पटका बांधलेला, हातात गूळ-दाण्याची पाटी. म्हणजे त्यानंही तयारी केलीच होती, फक्त आयत्या वेळी. बैल सोडला. तो आधी नायकाकडं गेला, पाटीतला गूळ सगळा खाल्ला, पाटीही चाटली. नायक मिशीत हसला. मग बैल वळला आणि डुलत डुलत याडीकडं आला. याडीनं घाम पुसायला म्हणून ओढणीचं टोक धरलं आणि गाठ सोडली. बैल बसला, तिच्या पायाशी, चारी पाय मोडून.

काय तो गजर झाला! म्हातारे बालाजीचं नाव घेऊन नाचायला लागले. मी रडत होते. याडीनं डोळे मिटले होते. आणि तेवढ्यात नायक पुढं आला, पटका काढून त्यानं बैलापुढं लोटांगण घातलं आणि म्हणाला, "धन्य झालो! देवानं आपली जागा आपण निवडली. आता या जागेवर माणसाचा काय हक्क? नायकाचा न्हाई आन् म्हातारीचाबी न्हाई. देव बसला ती जागा देवाची. हितं नांगर न्हाई, हितं झेंडा लागंल."

पुन्हा गजर. आधीच्यापेक्षा मोठा. आमच्या लोकांना गजर करायला नुसतं निमित्त लागतं. गिरदावरानं लेखणी उचलून विचारलं, देवाच्या नावानं नोंद करतो, पण वहिवाट कोण बघणार? सगळे नायकाकडं बघायला लागले. नायक म्हणाला, "माझी लायकी न्हाई." असं तीनदा म्हणाला, आणि चौथ्यांदा त्यानं अंगठा उठवला.

याडी तशीच उभी होती. बोलावं काय? मी बसवला असं म्हणावं, तर देवाला फसवलं म्हणून वाळीत टाकतील. गप्प बसावं, तर सात वर्षांचे हात गेले. ती गप्प बसली. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली आणि पहिल्यांदाच भाकरी करपवली.

पहिल्या वर्षी तुकड्यात झेंडा लागला. दुसऱ्या वर्षी झेंड्याभोवती झेंडूची रोपं आली, देवाला फुलं नकोत का? तिसऱ्या वर्षी सगळ्या तुकड्यात कपाशी उभी राहिली. विचारलं तर नायक म्हणाला, देवाच्या वातीसाठी. देवाला एवढ्या वाती लागतात हे मला माहीत नव्हतं. गाडी भरून वाती आष्टीच्या बाजारात गेल्या आणि तिकडून पत्रे होऊन परत आल्या. सगळा तांडा पाचटाच्या झोपड्यांत, आणि नायकाचं घर मातीच्या भिंतींचं, लखलखत्या पत्र्याचं. पाऊस आला की त्या पत्र्यांचा आवाज आमच्या घरात ऐकू यायचा. नायकिणीनं फेटिया सोडून कुणब्याच्या बायांसारखं लुगडं नेसायला सुरुवात केली, दंडापर्यंतचे हस्तिदंती चुडे उतरवून काचेच्या चार बांगड्या घातल्या. तिला लुगड्यात चालता यायचं नाही, पण ती चालायची. गावात गेली तरी तिच्यासाठी कोंबड्या झाकायचेच. मला तेव्हा फार बरं वाटायचं. आज वाटतं, त्या बाईनं सगळं उतरवून दिलं आणि गावानं घेतलं नाही, यात हसण्यासारखं काय होतं? पण तेव्हा मी हसले, ते लपवत नाही.

बैल रोज दुपारी तुकड्याच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि याडीची वाट बघायचा. ती जायची. मी तिला सांगितलं, आता कशाला मीठ वाया घालवतेस? ती म्हणाली, "त्यानं त्याचं काम बराबर केलं. माझं नशीब फिरलं म्हणून त्याचं मीठ का तोडू?"

तीन वर्षं भरली. गिरदावर पक्के कागद घेऊन येणार त्या सकाळी याडीनं मडक्यातला मिठाचा मोठा खडा ओढणीच्या टोकाला बांधला. तोवर मला मुलगा झाला होता, पाठीशी बांधलेला असायचा. मी तिचा हात धरला. "याडी, सोड ती जमीन. बोललीस तर तुला पंगतीतून उठवतील. लेकराच्या जावळाला कुणी येणार न्हाई."

"पंगतीत बसून तरी काय करून राह्यले? तीन वर्षं त्या तुकड्याकडं बघून घास गिळते." मग ती लेकराकडं बघून म्हणाली, "याला उद्या हाकललं तर हा कुठं जाऊन बसंल? बैल बसंल तिथं?"

लिंबाखाली तीच बाज, तोच गिरदावर, शेरवानी थोडी आणखी घट्ट झालेली. एकेकाचं नाव घेऊन तो कागद देत होता. शेवटी म्हणाला, "ओढ्याकाठचा तुकडा. देवाचा. वहिवाट नायकाची. कुणाची हरकत?" हे विचारायचं म्हणून विचारतात.

"माझी," याडी म्हणाली.

सगळे वळले. नायक हसला. "काय हरकत?"

"मी न्हाई सांगत. बैल सांगंल."

देवाचा बैल नायकाच्या घराशेजारी पऱ्हाटीच्या गंजीला अंग घासत उभा होता. याडी त्याच्या शेजारून चालत गेली, मागं न बघता. बैल तिच्यामागून निघाला. ती नायकाच्या दारात गेली आणि ओढणीची गाठ सोडली. बैल उंबऱ्यावर आडवा बसला. अर्धा आत, अर्धा बाहेर. आत नायकीण भाकरी भाजत होती, ती आतच अडकली.

नसाबमधल्या दोघा म्हाताऱ्यांनी सवयीनं बालाजीचा गजर केला. मग काय झालं ते ध्यानात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवले.

"नायका," याडी म्हणाली, "तीन वर्षांमागं तू काय म्हणाल्तास? देव बसला ती जागा देवाची. माणसाचा हक्क न्हाई. मंग आण झेंडा. आन् बायकोला म्हणावं भाकरी आटप, देवाच्या जागेत चूल नको."

नायकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "अगं हे... हे बसणं काय बसणं हाय?"

गिरदावराला आता मजा वाटायला लागली होती. बाजेवर पुढं सरकून म्हणाला, "क्यूं नायक? बसणं कसं असतं, जरा सांग. मला कागदावर लिहायचं हाय."

"चेटूक केलं तिनं!" नायक ओरडला. "चेटकीण हाय म्हातारी!"

याडीनं हात वर करून तळहातावरचा खडा सगळ्यांना दाखवला. "चेटूक न्हाई. मीठ. तवाबी मीठच होतं. मी पंधरा दिवस त्याला बसायला शिकवलं. मी बसवलं तवा तो बसला, तिथंबी आन् हितंबी." मग ती नसाबकडं वळली. "आता तुम्ही सांगा. ते देवाचं बसणं असंल तर हेबी देवाचं, नायकानं घर सोडावं. हे मिठाचं असंल तर तेबी मिठाचं, आन् तुकडा मी कसलाय, माझा. दोन्हीतलं एक घ्या. दोन्ही घेऊ नका."

मी आयुष्यात पुष्कळ वकिलांचं बोलणं ऐकलं, असं सरळ बोलणं ऐकलं नाही. पाच म्हाताऱ्यांनी हुक्का फिरवला. एकदा त्यांनी बैलाकडं बघितलं, एकदा नवीन पत्र्यांकडं. त्यातल्या तिघांचे मुलगे नायकाकडं कपाशीच्या कामाला होते आणि चौथ्याला नायकानं पत्र्याचे उरलेले तुकडे द्यायचं कबूल केलं होतं. शेवटी थोरला म्हातारा खाकरला. "मिठाचं बसणं," तो म्हणाला. नायकाच्या घरावरचे पत्रे वाचवायला आमच्या नसाबनं देव सोडून दिला.

गिरदावरानं जुनी नोंद खोडली. "नाव काय लावू? बाईचं नको, लडका है ना?" आणि त्यानं माझ्या नवऱ्याचं नाव लावलं. तो त्या वेळी परतूरजवळ रुळांखाली गिट्टी ठोकत होता आणि आपण जमीनदार झालो हे त्याला दसऱ्याला कळलं. पुढं म्हातारपणापर्यंत तो लोकांना सांगायचा, मी सरकारकडून जमीन मिळवली. याडी ऐकायची आणि काही बोलायची नाही. मी बोलायची.

गिरदावर गेल्यावर नसाब पुन्हा बसली, आता खऱ्या कामाला. देवाला फसवलं म्हणून याडी एक वर्ष वाळीत. पंगत नाही, सणाला हाक नाही, चुलीला विस्तव नाही, आणि शेतात कुणी तिच्याशी सावड, म्हणजे कामाची आणि बैलांची देवघेव, करायची नाही. बैलाचं काय? बाईच्या हातचं मीठ खाऊन ज्यानं देवपण घालवलं तो बैल तांड्याला नको. कवड्यांची माळ काढून घेतली, लाल फडकं सोडलं, आणि दावं याडीच्या हातात दिलं. बैलालाही वाळीत टाकणारी नसाब मी दुसरी ऐकली नाही. देवाच्या वाती विकून ज्यानं घर बांधलं त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. माझा संताप संताप झाला होता. त्या पाच जणांतला एकही आज जिवंत नाही, तरी तो संताप आहे.

नवा बैल गावातून आणवला गेला, नवी माळ, नवं फडकं. तो नायकाच्या गोठ्यातच राहायला लागला, म्हणजे कुणी भलतं काही शिकवायला नको.

आमच्याकडं स्वतःचा एकच बैल होता, गाईसारखा गरीब. नांगराला दुसरा लागतो, तो एरवी सावडीनं मिळायचा. आता कोण देणार? उन्हाळ्यात नांगरट तर करायला हवी, जमीन पडीक दिसली तर नायक टपलेलाच. एका सकाळी याडीनं जू उचललं आणि म्हणाली, "चल. बैलच हाय ना तो? मीच सगळ्यांना सांगितलं."

ज्या मानेवर कधी जू आलं नव्हतं तिथं तिनं जू ठेवलं. त्यानं मान हलवली, पण ठेवू दिलं. बांधावर तांड्यातली दहा-बारा माणसं येऊन उभी राहिली, वाळीत टाकलेल्या माणसाकडं बघायला बंदी नसते. याडीच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं आणि पाण्याचा घडा, माझ्या पाठीवर लेकरू. तिनं एका हातानं नांगराची मूठ धरली. बैल चालले. दहा पावलं, वीस पावलं, काळी माती उलटत गेली. आणि तुकड्याच्या बरोबर मधोमध तो खाली बसला.

बांधावर हशा पिकला. "म्हातारे, मीठ काढ, मीठ!"

याडीनं ओढणीला हातही लावला नव्हता. गाठच नव्हती त्या दिवशी. मी घाबरून पळत सुटले, घरून खडा आणते म्हणून. तिनं मागून हाक मारली.

"राहू दे गं. आणू नको."

मी परत आले. ती बैलाच्या डोळ्यांकडं बघत होती. "आज याला कुणी बसवलं न्हाई," म्हणाली. "आपल्या मनानं बसलाय."

तिनं मूठ सोडली. दोन्ही बैलांच्या मानेवरचं जू काढलं. डोक्यावरचा घडा खाली ठेवला, गाठोडं खाली ठेवलं. मग माझ्याजवळ आली, माझ्या छातीवरची गाठ सोडून लेकराला घेतलं आणि बैलाच्या सावलीत, नुकत्याच उलटलेल्या मातीवर निजवलं. तीन लेकरं वाटेवर ठेवून आलेली बाई. बांधावरून आता कुणी मीठ मागेना, कारण नियम सगळ्यांनाच माहीत होता.

आम्ही तिथंच बसून भाकरी खाल्ली. बैलालाही अर्धी दिली.